दीड लाखाचं डिझेल

त्या रविवारी दिवस मावळला की सुहासिनीच्या कार्डाचं वर्ष संपणार होतं, आणि दीड लाखाला अजून सव्वाबारा हजार कमी होते. घरात ही गोष्ट तिच्याशिवाय फक्त आप्पांना ठाऊक होती. आणि आप्पा, म्हणजे तिचे सासरे प्रल्हादपंत, विहिरीपाशी चटईवर बसून निवांत सुकेळी, म्हणजे वाळत घातलेली केळी, उलटत होते, जणू त्या दीड लाखाशी त्यांचं काही घेणंदेणंच नाही.

कार्डाची हकीकत अशी. गेल्या मार्चात, सुहासिनी नोकरीला होती त्या कॉलेजच्या ऑफिसात टाय लावलेला एक बँकवाला आला. हे पंपाचं खास कार्ड, म्हणाला. पेट्रोल-डिझेल भरा, शंभरामागे पाच रुपये परत. साडी घ्या, भांडी घ्या, हॉटेलात जेवा, त्याचं काही मिळायचं नाही. आणि डिझेलचेही मिळणार कधी, तर वर्षाला दीड लाखाचं भरलंत तर. एक रुपया कमी पडला तर सगळंच बुडालं. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, दीड लाखाचं पेट्रोल पितं कोण?" सगळे हसले. सुहासिनी तेवढी हसली नाही. तिच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती, पण वसईजवळच्या होळी गावातली घरची वाडी तिच्या डोळ्यांपुढून सरकत गेली. धाकटा दीर विघ्नेश याचा टेम्पो, जो रोज पहाटे फुलं आणि भाजी घेऊन दादरला जायचा. विहिरीवरचं इंजिन, कारण वीज आपल्या मर्जीने यायची आणि पानवेलीला पाणी मात्र वेळेवर लागायचं. शेजारच्या प्लासिडचा ट्रॅक्टर. भाऊबंदांची आणखी तीन-चार इंजिनं. तिने तिथल्या तिथे फॉर्मवर सही केली. हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

तेव्हापासून दर रविवारी आंघोळ-पूजा आटोपून ती गावाबाहेरच्या पंपावर जाऊन बसू लागली. मॅनेजरने तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली, उन्हाळ्यात पंखाही तिच्याकडे वळवला. एकेक गाडी यायची. ती कार्ड द्यायची, सही करायची, आणि गाडीवाला रोख पैसे तिच्या हातावर ठेवायचा. ते पैसे सोमवारी बँकेत. एका दिवसाचं व्याज चढू द्यायची नाही. "आमची सून पंपावर बसते," असं शांताआत्या, म्हणजे आप्पांची विधवा बहीण, देवळात बायकांना सांगायच्या आणि त्यांचे चेहरे बघत राहायच्या.

सगळं छान चाललं होतं. मग संक्रांतीच्या सुमाराला सातिवलीच्या गोदामांपाशी कुणी टेम्पोवाल्याने विघ्नेशला विचारलं, "तुझी वहिनी तुझ्या डिझेलवर पाच टक्के खाते, तुला माहीत आहे ना?" विघ्नेशला माहीत नव्हतं. तिळगूळही न घेता तो गप्प झाला. तेव्हापासून त्याचा टेम्पो दुसऱ्या पंपावर जायला लागला, आणि कार्डाचं वर्ष तिथेच लंगडं झालं.

तिने घरात सांगितलं का नाही? सांगता येत नव्हतं म्हणून.

यमुनाबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, वर्षश्राद्धाच्या दुपारी सगळी मंडळी जेवून पांगली होती. आप्पा या विहिरीच्या कठड्यावर बसले होते आणि सुहासिनी पत्रावळी गोळा करत होती. उत्तरेला जाणारं एक विमान समुद्राच्या अंगाने वर चढत होतं. ते दिसेनासं होईपर्यंत आप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, विमानातून खालचं माणूस दिसतं का गं?"

"मला काय ठाऊक, आप्पा. मी कुठे बसलेय. का हो?"

तेव्हा आप्पांनी सांगितलं. यमुनाबाई रोज दुपारी सुकेळी उलटायला इथे बसायच्या, आणि विमान दिसलं की हात हलवायच्या. नव्या नवरीच्या होत्या तेव्हापासून. दर वेळी विचारायच्या, "अहो, वरून मी दिसत असेन का?" आणि आप्पा दर वेळी म्हणायचे, "दिसतेस की." पंचेचाळीस वर्षं. शेवटच्या आजारातही खाटेवरून तेच विचारलं आणि आप्पांनी तेच उत्तर दिलं. "आता मला झोप लागत नाही," आप्पा म्हणाले. "मी तिला खरं सांगत होतो की खोटं, ते एकदा वर जाऊन बघायचंय. पण मुलांना सांगू नकोस हां. म्हातारा चळला म्हणतील."

सुहासिनीने शब्द दिला. तिचा पगार नवऱ्याच्या, कौस्तुभच्या, हातात जायचा, विमानाचं तिकीट म्हणजे चैन, आणि घरात चैनीला कारण द्यावं लागतं. कारण सांगायचं नाही असं ठरलं होतं. मग मार्च उजाडला आणि तो टायवाला आला. सुहासिनीला वाटलं, देवानेच धाडला.

आता रविवारची दुपार. उन्हाला गोड वास सुटला होता, कारण विहिरीभोवतीच्या सगळ्या चटयांवर राजेळी केळी वाळत होती. पिकलेली, सोललेली, आठ दिवस रोज हाताने उलटलेली. आज त्यांना मधाचा रंग आला होता आणि बांधायला सगळं घर जमलं होतं. घर म्हणजे आता दोन चुली. पण सुकेळी बांधायला दोन्ही चुलींनी एकत्र बसायचं, असा सासूबाईंचा दंडक होता आणि तो अजून कोणी मोडला नव्हता. केळीच्या वाळक्या पानात गुंडाळायचं, सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या धाग्याने, बांधायचं, आणि गाठ मारताना बोलायचं नाही.

सुहासिनी मात्र बोलली. हातातली गाठ पुरी करून म्हणाली, "भावोजी, आज टेम्पोत डिझेल भरायचंच असेल ना उद्यासाठी?"

विघ्नेशने मान वर केली नाही. "भरेन कुठेतरी."

"आजच्या दिवस माझ्या कार्डावर भरा. आणि मागचे दोन रिकामे ड्रम आहेत, तेही भरून आणू. पुढे महिनाभर वापराल. पैसे हप्त्याहप्त्याने द्या, मी काही मागे लागणार नाही."

चटईभोवती हात थांबले. विघ्नेशची बायको अश्लेषा नवऱ्याकडे बघायला लागली. कौस्तुभ, सुहासिनीचा नवरा, सोपटाचा धागा तोडता तोडता राहिला.

"वहिनी," विघ्नेश सावकाश म्हणाला, "मी तुम्हाला कधी उलट बोललोय?"

"नाही."

"मग आज बोलतो. पहाटे तीनला उठून टेम्पो मी हाकतो. डिझेल माझ्या घामाचं. त्यावर वर्षभर पाच टक्के तुम्ही जमा केलेत आणि मला ते परक्या माणसाकडून कळलं. पैशाचं सोडा. मला विचारलं असतंत तर मी सगळेच देऊन टाकले असते."

"तेच म्हणते मी," अश्लेषा म्हणाली. संक्रांतीपर्यंत तिचं आणि सुहासिनीचं गूळपीठ होतं, पंपावर स्कूटीवरून चहाचा थर्मास तीच आणून द्यायची. "ताई, मलासुद्धा सांगितलं नाहीत. मी दर रविवारी तुमच्या शेजारी बसत होते."

"पाच टक्के म्हणजे किती होतात?" शांताआत्यांनी विचारलं.

"साडेसात हजार," विघ्नेश म्हणाला.

"अगं बाई." आत्यांनी सुहासिनीच्या गळ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. नवीन काही दिसेना. "मग गेले कुठे?"

"अजून मिळालेच नाहीत, आत्या. आज दीड लाख पुरे झाले तरच मिळणार."

"मिळाल्यावर काय करणार होतीस?" हे कौस्तुभने विचारलं. तो भांडखोर नव्हता, उलट घरात सगळ्यांत मऊ माणूस तोच. पण आज भावाच्या बाजूला सरकून बसला होता, आणि ते सुहासिनीला सगळ्यांत जास्त लागलं. "सांगून टाक ना एकदाचं. मलाही बोलली नाहीस."

सुहासिनीने आप्पांकडे पाहिलं. आप्पा एकच सुकेळं पुन्हा पुन्हा उलटत होते. त्यांची मान खाली होती आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सत्तरीतला माणूस, चार गावांत मान असलेला, पानवेलीच्या भांडणात निवाडा करायला ज्याला बोलावतात असा. तो आता शाळेतल्या पोरासारखा लपला होता. तिला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली.

"मला हवे होते," ती म्हणाली. "माझ्यासाठीच. पुरे?"

"कशाला?" कौस्तुभने विचारलं.

"हवे होते म्हणून."

तिने पुढचं पान घेतलं, सुकेळं ठेवलं, गुंडाळलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे गाठ दिसेना. सतरा वर्षं या घरात काढली, पैचा हिशेब चुकू दिला नाही, आणि आता जन्मभर ही डिझेलमधले पैसे खाणारी. तिला वाटलं, उठावं आणि सरळ पंपावर जाऊन त्या खुर्चीवर एकटीनेच बसून राहावं.

तेवढ्यात आवाज आला. दक्षिणेकडून, आधी माडांच्या शेंड्यांत घुमल्यासारखा, मग उघड्यावर. दुपारचं उत्तरेला जाणारं विमान. या वाडीवर वर्षानुवर्षं तो आवाज येत होता आणि कोणी मान वर करत नव्हतं. पण आप्पांचा हात उठला. त्यांनी ठरवून उचलला नाही, आपोआप उठला, कोपरापासून, मधाळलेल्या बोटांसकट. आणि हलला. अगदी यमुनाबाई हलवायच्या तसा, मनगट सैल सोडून.

सगळ्यांनी ते पाहिलं. आप्पांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी हात खाली घेतला, पण आता उशीर झाला होता.

"तिला काही बोलू नका," आप्पा म्हणाले. "पैसे माझ्यासाठी आहेत."

मग त्यांनी सांगितलं. सुहासिनीला सांगितलं होतं त्याहून कमी, तुटक तुटक, मध्येच थांबत. आईचा हात हलवणं सगळ्या मुलांनी पाहिलं होतं, विचारणंही ऐकलं होतं. पण बाप त्या उत्तरावर रात्र-रात्र जागा राहतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. शांताआत्या पहिल्यांदा हसल्या, मग हसता हसता पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"पण आप्पा," कौस्तुभ म्हणाला, "हे विमान जातं अहमदाबादला. तिथे आपलं आहे कोण?"

"कोणी नाही. गाडीने परत यायचं."

"नुसतं वरून बघायला?"

"नुसतं वरून बघायला."

विघ्नेश उठला. कोणाकडे न बघता, हात धोतराच्या फडक्याला पुसत टेम्पोकडे गेला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि अश्लेषाने कपाळाला हात लावला, कारण नवऱ्याचा राग तिला चांगला ठाऊक होता. सुहासिनी मान खाली घालून बसली. मग गोठ्यामागून खडाम-खुडूम आवाज यायला लागला. पत्र्यावर पत्रा आपटल्याचा. विघ्नेश रिकामे ड्रम टेम्पोत चढवत होता.

"वहिनी," तिथूनच तो ओरडला, "कार्ड घेतलंत का? पंपावरचं मशीन रविवारी लवकर बंद करतात."

मग काय विचारता. टेम्पोत पुढे विघ्नेश आणि सुहासिनी, मागे ड्रम धरून कौस्तुभ. वाटेत प्लासिड भेटला, त्याला थांबवून विचारलं तर म्हणाला, ट्रॅक्टर सकाळीच भरला, आता चमचाभर मावणार नाही. तरी तो आला, नुसता बघायला, आणि येताना बायकोने, जुलियानाने, दिलेला पाव आणि केळ्यांचा घड घेऊन आला. पंपावर संध्याकाळचं पिवळं ऊन उतरलं होतं. मॅनेजरने खुर्ची पुढे केली. सुहासिनी सवयीने बसली, आणि ड्रम भरताना डिझेलचा तो जड वास पहिल्यांदाच तिला चांगला वाटला.

टेम्पोची टाकी गच्च. पहिला ड्रम गच्च. दुसरा गळ्यापर्यंत. मॅनेजरने कार्ड मशीनमध्ये ओढलं आणि सगळे त्या मशीनकडे बघत उभे राहिले, कारण त्याला फोनची लाईन सापडायला नेहमीच वेळ लागायचा. कागद बाहेर आला. सुहासिनीने वर्षाच्या बेरजेत आकडा मिळवला. पुन्हा मिळवला.

"साठ रुपये कमी," ती म्हणाली.

विघ्नेशने टेम्पोच्या टाकीत बोट घालून पाहिलं. ड्रमच्या तोंडाशी डिझेल डुचमळत होतं. कौस्तुभ म्हणाला, "डब्यात घेऊ." मॅनेजर म्हणाला, डबा आणलाय का? डबा कोणीच आणला नव्हता. चारशे लिटर डिझेल घेऊन उभी असलेली माणसं साठ रुपयांसाठी एकमेकांची तोंडं बघायला लागली.

आणि रस्त्यावरून अश्लेषाची स्कूटी आली. मागे शांताआत्या, दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून. अश्लेषाने गाडी थेट सुहासिनीच्या खुर्चीपुढे उभी केली आणि डिकीतून थर्मास काढून तिच्या हातात दिला.

"चहा आणलाय ताई," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "माझ्या गाडीतलं पेट्रोलही संपत आलंय."

पैसे मिळाले तेव्हा शांताआत्यांची फार निराशा झाली, कारण नोटा आल्याच नाहीत. पुढच्या महिन्याच्या बिलात साडेसात हजार कमी करून आले, एवढंच. "म्हणजे दिले की नाही दिले?" आत्या विचारत राहिल्या. सुहासिनीने तेवढे रुपये पाकिटातून काढून त्यांच्या हातावर ठेवले, त्यांनी ते देवापुढे ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी कौस्तुभ मुंबईहून दोन तिकिटं घेऊन आला. आप्पांनी ती कपाटात धोतरांच्या घडीत ठेवली आणि रोज एकदा काढून पाहिली.

जायच्या आदल्या दिवशी जेवताना विघ्नेशने विचारलं, "किती वाजता सुटतं?"

"साडेतीनला."

"कुठल्या बाजूला बसणार?"

"उजव्या. जमीन त्या बाजूला दिसते म्हणे."

"हं," विघ्नेश म्हणाला आणि भात कालवायला लागला. सकाळी विमानतळावर जायला निघताना सुहासिनीला दिसलं, टेम्पोचा डावीकडचा आरसा जागेवर नव्हता. नुसता दांडा उरला होता. तिला वाटलं, घासला असेल कुठे. जाताना त्याचं नुकसान कशाला काढायचं, म्हणून ती गप्प राहिली.

विमानात आप्पा कडक इस्त्रीच्या कोटात बसले, डोक्यावर टोपी, मांडीवर सुकेळ्यांची पुडी. पट्टा सुहासिनीने लावून दिला. जमीन सुटली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ते धरूनच ठेवलं. खाली समुद्र आला. मग विमान वळलं, आणि उन्हाने पिवळी झालेली किनारपट्टी खिडकीत हळूच सरकायला लागली. सगळं आवाजाविना, झोपेत दिसावं तसं.

"खाडी," आप्पा पुटपुटले. "वसईची खाडी ना गं ही? तो किल्ला. किल्ल्याच्या पुढे लगेच आपण."

त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. किल्ल्याच्या पुढे हिरवं होतं. एकसारखं, दाट, मिटलेलं हिरवं, आणि त्याच्या कडेला पांढऱ्या इमारतींचे ठोकळे. माड नाहीत, केळी नाहीत, विहीर नाही. वाट नाही. माणूस तर दूरच राहिलं. आप्पांची नजर वर-खाली, वर-खाली फिरत राहिली. सुहासिनीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, का आणलं मी यांना. वर्षभर पंपावर बसून मी या माणसाचं एक उत्तर हिरावून घेतलं.

"कळत नाही गं काही," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "काहीच कळत नाही."

आणि त्या हिरव्यात एक ठिणगी पडली.

पांढरी, सुईच्या टोकाएवढी. विझली. पुन्हा पेटली, आता अगदी डोळ्यांत शिरली. विझली. पुन्हा. ते पाणी नव्हतं, पत्राही नव्हता. पत्रा असा थांबून थांबून चमकत नाही. कोणीतरी खाली उभं राहून, मनगट सैल सोडून, मावळतीकडे कललेलं ऊन आरशात धरून हलवत होतं.

सुहासिनीला तो दांडा आठवला. तिने तोंडावर हात घेतला.

आप्पांनी तिचं मनगट सोडलं. मांडीवरची पुडी खाली पडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी हात उचलला, काचेजवळ नेला आणि हलवला. ठिणगी मागे सरकत होती, अर्नाळ्याचा किल्ला पाण्यात पुढे येत होता, आणि आप्पा मान वळवून वळवून मागे बघत हात हलवतच होते.

"दिसतेस की," ते म्हणाले. सुहासिनीला नाही.